लाँड्रीतला एक जानेवारी

"त्यात काय एवढं?" हे शब्द माणसाने भरसभेत कधीही उच्चारू नयेत, असं माझं आता ठाम मत झालं आहे. घरात बायकोसमोर चालतात, कारण ती ऐकत नसते. पण हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत, कॉफी आणि दालचिनीचे बन संपल्यावर, जेव्हा प्रत्येकाला घरी पळायचं असतं आणि त्याआधी हातातलं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं असतं, तेव्हा असं काही बोलणं म्हणजे स्वतःहून मान पुढे करणं.

मी केली.

विषय सोसायटीच्या तीन जुन्या कॉम्प्युटरांचा होता. एक ऑफिसात, एक सॉनाच्या, म्हणजे घाम काढायच्या तापत्या खोलीच्या, बाहेर आणि एक तळघरातल्या लाँड्रीच्या दाराशी. ज्यांनी त्यांची ऑपरेटिंग सिस्टीम बनवली होती त्यांनी जाहीर केलं होतं, की या शरद ऋतूनंतर जुन्या सिस्टीमची काळजी आम्ही घेणार नाही, नवी घ्या. आमच्या अध्यक्ष रागनहिल्ड ओकेर्लुंड यांनी हे अशा आवाजात वाचून दाखवलं, की मागच्या रांगेतल्या दोघांनी नकळत हात टेबलावर ठेवले. रागनहिल्ड चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. सोसायटीत ती अजून झालेली नाही.

"कुणी माहीतगार आहे का?" तिने विचारलं.

त्याच आठवड्यात मी घरच्या लॅपटॉपवर नवी सिस्टीम चढवली होती. म्हणजे पडद्यावर 'हो' असं आलं, ते मी दाबलं, आणि जेवण होईपर्यंत सगळं झालं होतं. तेव्हापासून मी स्वतःकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहत होतो.

"त्यात काय एवढं?" मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. एकमताने संगणक समिती स्थापन झाली. समितीत मी होतो. दुसरा सभासद म्हणून पेन्टीचं नाव घातलं, कारण तो नाही म्हणाला नाही. पेन्टी फिनलंडचा, तिकडच्या लोकांसारखाच मितभाषी; तो हो पण म्हणाला नव्हता, पण एवढ्या खोलात कुणी गेलं नाही.

"तू?" घरी येताना जिन्यात मायकेन म्हणाली. मायकेन माझी बायको. "हिवाळ्यासाठी घड्याळं तासाने मागे करायच्या दिवशी ओव्हनचं घड्याळ लावायला मला बोलावतोस तो तू?"

"ते यंत्र वेगळं आहे," मी म्हणालो.

मी इथे स्वीडनमध्ये, एस्किल्स्टूना नगरपालिकेत, वाहनतळ विभागाचा उपप्रमुख आहे. तुमची गाडी चुकीच्या जागी उभी आहे, हे लोकांना सौम्य शब्दांत कळवण्यात माझी हयात गेली. त्यामुळे माझ्यावर कुणी वैतागलं तर मला काही वाटत नाही. कुणी हसलं तर मात्र वाटतं. हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात ऑफिसातल्या कॉम्प्युटरपासून केली. 'हो' दाबलं. पडदा थोडा विचारात पडला आणि म्हणाला: हे यंत्र नव्या सिस्टीमसाठी पात्र नाही. कारण वगैरे काही नाही. आमच्या खात्यातर्फे जाणाऱ्या नकारातसुद्धा खाली कलम असतं! सॉनाचा कॉम्प्युटर अपात्र निघाला, लाँड्रीचाही. योगायोगाने त्याच दिवशी डॉक्टरांनी माझे गुडघे तपासून साधारण तसंच काहीतरी सांगितलं होतं, त्यामुळे मला त्या यंत्रांविषयी एकदम आपुलकी वाटू लागली.

"टाकून द्या," तिसऱ्या मजल्यावरच्या होल्गरने सल्ला दिला. मग लगेच म्हणाला, "नको, टाकू नका. फुकटातली एक सिस्टीम मिळते. पेंग्विनचं चित्र असलेली. कसल्याही जुन्या डब्यावर चालते. मी पेनड्राइव्हवर भरून देतो."

होल्गरला सल्ले द्यायची आवड आहे आणि शब्दकोड्यांची. दोन्हीत तो मोकळे चौकोन बघवत नाहीत म्हणून काहीही भरतो. तो दर हिवाळा मदेरात काढतो, तिकडच्या उन्हात. त्याचा लॅपटॉपही तिकडचाच. या माहितीचा आपल्या कामाशी संबंध असेल असं मला तेव्हा वाटलं नाही.

पेंग्विन चढला. ऑफिसातला कॉम्प्युटर पूर्वीपेक्षा चपळ झाला आणि अस्खलित पोर्तुगीज, म्हणजे मदेराची भाषा, बोलू लागला.

"हे काय आहे?" रागनहिल्डने विचारलं.

"नवी सिस्टीम."

"ते मला दिसतंय. मला जिन्यात सायकली ठेवू नका अशी सूचना छापायची आहे. छापायचं बटण कुठलं?"

मी एक दाबलं. सूचना नाहीशी झाली. रागनहिल्डने चष्मा काढून पुसला. शाळेत ती चष्मा पुसायला लागली की मुलं रडायची, असं म्हणतात.

सॉनाच्या यंत्रालाही पेंग्विन लावला. ते सॉना तापवण्याची वेळ सांभाळतं. सगळं नीट झालं असं समजून मी वर येऊन बटाटे सोलायला बसलो, तेवढ्यात बेल वाजली. दारात पेन्टी. कमरेला टॉवेल, अंगावर दुसरं काही नाही, आणि चेहऱ्यावर मृत्यूची बातमी द्यायला आलेल्या माणसाचा भाव.

"थंड आहे," तो म्हणाला.

आम्ही शेजारी राहायला आलो त्यानंतरचं त्याचं मला उद्देशून हे पहिलंच वाक्य. त्याने सॉनात ती संध्याकाळ थंड लाकडावर काढली. नुसता बसून. बाहेरून काचेतून दिसत होता. मी पोर्तुगीज शब्दकोश आणून ते बटण शोधून काढलं, तेव्हा त्याने मान हलवली. क्षमा केली की नाही ते अजून कळलेलं नाही.

खरं काम लाँड्रीचं होतं. आमच्याकडे लाँड्री म्हणजे गंमत नाही. कुणी कधी कपडे धुवायचे ते तो कॉम्प्युटर ठरवतो, आपापली पाळी असेल तेव्हाच दार उघडतो, आणि सणासुदीला लाँड्री पूर्ण बंद ठेवतो. आमच्या या लिंडगोर्डन सोसायटीत घटस्फोट सामोपचाराने झाले आहेत, पण दुसऱ्याच्या पाळीत यंत्रात राहिलेल्या एका मोज्यावरून दोन घरं एकमेकांशी बोलायची बंद झाली ती झालीच.

त्या दाराचं कुलूपही कॉम्प्युटरच चालवतो, म्हणून कुलूपवाल्या कंपनीची परवानगी हवी होती. मी फोन केला. बराच वेळ बासरी वाजल्यावर एका बाईंचा आवाज आला.

"तुमच्या सोसायटीतर्फे बोलायचा अधिकार बिरयेर सुंडेल यांना आहे. त्यांनी फोन करावा."

"बिरयेर आमचा आधीचा अध्यक्ष. तो वारला. झाली बरीच वर्षं."

"तसं त्यांनी कळवलेलं दिसत नाही."

"त्याला जमलं नसेल."

"मग त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी अधिकार द्यायला हवा. सही करून."

मी तिला मृत्यूविषयी काही मूलभूत गोष्टी समजावून सांगितल्या. तिने काहीच उत्तर दिलं नाही. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा शांतता, फक्त मधूनमधून दम लागल्यासारखा आवाज. मला वाटलं, बाईंना भावना अनावर झाल्या. मागून मायकेन म्हणाली, "अरे, ती उत्तरेकडची आहे. हो म्हणतेय." उत्तरेकडची माणसं हो म्हणायच्या ऐवजी नुसता श्वास आत ओढतात, हे मी विसरलोच होतो. बाई मघापासून माझ्या प्रत्येक वाक्याला सहमती देत होती आणि मी तिला बिरयेरच्या अंत्यविधीपर्यंत घेऊन गेलो होतो.

शेवटी अधिकार रागनहिल्डच्या नावावर करायचं ठरलं. रागनहिल्डने ते केलं, पण बदल्यात माझ्याकडून एक निबंध मागितला: 'लाँड्रीच्या संगणकात बदल केल्यास संभवणारे धोके'. मी लिहून दिला. तिने तो लाल शाईने तपासून परत केला. स्वल्पविराम चुकले होते. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, उपप्रमुखपदावर असताना, स्वल्पविरामावरून!

त्याच रागात मी खाली गेलो आणि लाँड्रीच्या कॉम्प्युटरवर पेंग्विन चढवला. मधेच त्याने नवा पासवर्ड मागितला. रागात माणूस मनात जे असतं ते लिहितो. मीही लिहिलं. दोनदा, कारण त्याने खात्रीसाठी पुन्हा विचारलं. मला फार बरं वाटलं. मग यंत्र बंद होऊन परत सुरू झालं, आणि मी बाहेर बोळात उभा असताना माझ्या पाठीमागे लाँड्रीच्या दाराचं कुलूप 'खट' करून लागलं.

पडद्यावर तारीख आली: एक जानेवारी. सालही कुठलंतरी जुनंच, बहुधा त्या यंत्राच्या जन्माचं. त्याच्या पोटात एक लहानशी बॅटरी असते आणि ती संपली की त्याची स्मृती जाते, हे होल्गरने नंतर सांगितलं. आधी का नाही सांगितलं, तर म्हणे तू विचारलं नाहीस. बाहेर मेपलची पानं गळत होती, लोक ऑक्टोबरात जगत होते. पण लाँड्रीच्या मते नववर्षाचा पहिला दिवस होता, म्हणजे सुट्टी, म्हणजे दार बंद. बंद करून सुरू केलं की पुन्हा एक जानेवारी. तारीख बदलायची तर पासवर्ड हवा. पासवर्डात टिंबं असलेला 'ए' होता, आपल्या स्वीडिश भाषेतला. यंत्र परत सुरू झाल्यापासून बटणं पोर्तुगीज झाली होती, आणि त्या भल्या लोकांना टिंबवाल्या 'ए'ची गरज कधी भासलेली नाही.

दाराची खरी, लोखंडी किल्ली? होती. बिरयेरकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दारावर चिठ्ठ्या लागू लागल्या. आमच्याकडे कुणी ओरडत नाही, चिठ्ठी लावतात. 'प्रिय संगणक समिती, आमच्या घरातले सगळे टॉवेल आत आहेत. आम्ही खिडकीच्या पडद्याला अंग पुसतो. शुभेच्छा.' 'नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा, सिगवर्ड!' हे होल्गरचं अक्षर. सिगवर्ड म्हणजे मी.

मग गुनवोर आली. गुनवोर तळमजल्यावर राहते, ऐंशीला आलेली आहे आणि तिने कधी कुणाविरुद्ध चिठ्ठी लावलेली नाही. ती दारासमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "सिगवर्ड, माझा लग्नाचा पोशाख आत वाळत घातलाय रे."

"कुणाच्या लग्नाचा?"

"माझ्या. उद्या अकराला, टाउन हॉलमध्ये. एव्हर्टशी. आम्ही पेन्शनरांच्या नाचात भेटलो."

तिचा पहिला नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यानंतर ती फक्त तीन गोष्टींसाठी घराबाहेर पडायची असा माझा समज होता, आणि त्यात नाच नव्हता.

"दुसरा काही पोशाख..." मी चाचरत म्हणालो.

"आहे ना. काळा. तो मी दफनविधींना घालते." तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मला सवय आहे.

होल्गर म्हणाला दार फोडू. दार पोलादी, आगीला दाद न देणारं. त्याने खांदा मारला आणि उरलेला वेळ तो खांदा धरून बसला. पेन्टीने दारावर हात ठेवला, कान लावला आणि म्हणाला, "गरम आहे." आत वाळवायच्या खोलीचा पंखा आणि हीटर रात्रभर चालू होता. कुणी बंद करणार? सुट्टी होती.

पुन्हा कुलूपवाल्या कंपनीला फोन. पुन्हा बासरी, पुन्हा त्याच बाई. त्या म्हणाल्या की त्या तिकडून आमच्या यंत्रात शिरू शकतात आणि त्यांच्याकडे आपली बटणं आहेत. मी जवळजवळ रडलो.

"फक्त पासवर्ड सांगा. एकेक अक्षर. आणि नियमाप्रमाणे अधिकृत व्यक्तीने प्रत्येक अक्षर पुन्हा म्हणून दुजोरा द्यायचा."

"अधिकृत व्यक्ती मी," रागनहिल्ड म्हणाली, आणि तिने फोन माझ्या हातातून घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

तळघराच्या बोळात अर्धी सोसायटी जमली होती. मी म्हणालो, मी हे लिहून देतो. बाई म्हणाल्या, चालणार नाही. मी म्हणालो, मला पासवर्ड नीट आठवत नाही. गुनवोर म्हणाली, "आठवून बघ ना रे." मी तिच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले.

"आर," मी म्हणालो.

"आर," रागनहिल्ड म्हणाली. खणखणीत, फळ्यासमोर उभी असल्यासारखी.

"ए."

"ए."

"जी. एन. एच. आय. एल. डी."

ती म्हणत गेली आणि शेवटी थांबली. "हे तर माझं नाव आहे." तिच्या गालांवर चक्क थोडी लाली आली. "माझ्या नावाने ठेवलास?"

"हो," मी म्हणालो. इथेच संपलं असतं तर मी आयुष्यभर चर्चमध्ये गेलो असतो.

"पुढे?" फोनमधून आवाज आला.

"टिंबवाला ए. आर. ई. एन."

"'रागनहिल्ड ही एक...'" होल्गर मोठ्याने जुळवू लागला. खांद्याचं दुखणं तो विसरला होता. "पुढचं अक्षर काय?"

"एच."

"एच," रागनहिल्ड म्हणाली. तिचा आवाज थोडा सावध झाला होता.

"टिंबवाला ए."

"घोडा!" होल्गर ओरडला. आमच्या भाषेत घोड्याची सुरुवात तशीच होते.

मला क्षणभर खरंच वाटलं, घोडाच म्हणून टाकावं. घोडा उमदा असतो. मुख्याध्यापिकेला घोडा म्हणण्यातून काहीतरी चांगला अर्थ काढता आला असता. पण घोड्याने ते दार उघडलं नसतं.

"एक्स," मी म्हणालो. "आणि ए."

बोळात पाइपमधून पाणी वाहण्याचा आवाज येत होता. चेटकीण. आमच्या भाषेत चार अक्षरांचा शब्द, लहान मुलांनासुद्धा येतो. होल्गरचं तोंड उघडं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोड्याचं उत्तर मोठ्याने सांगावंसं वाटलं नाही. मायकेनने माझा हात धरला होता तो सोडला.

"अधिकृत व्यक्तीचा दुजोरा बाकी आहे," फोन म्हणाला.

रागनहिल्डने घसा साफ केला. "एक्स," ती म्हणाली. "ए."

पलीकडून श्वास आत ओढल्याचा आवाज आला आणि कुलूप 'खट' करून उघडलं.

रागनहिल्डने फोन मला परत दिला. "शब्दांच्या मध्ये जागा सोडायची असते, सिगवर्ड," ती म्हणाली. "चार शब्द आहेत." आणि जिना चढून निघून गेली. पाठ ताठ होती, पण तिने कठडा धरला होता. तो ती एरवी धरत नाही.

आतली हवा पावाच्या भट्टीसारखी होती. टॉवेल पापडासारखे कडक झाले होते. गुनवोरचा पोशाख लोकरीचा, साईच्या रंगाचा, घोट्यापर्यंतचा. म्हणजे आदल्या दिवशीपर्यंत. आता तो गुडघ्याच्याही वर आला होता. गुनवोरने तो अंगाला लावून पाहिला.

"माझे गुडघे यापूर्वी कधी उजेडात आले होते?" ती स्वतःशीच म्हणाली. मग हसली. "एव्हर्ट खूश होईल."

मायकेन तिला वर घेऊन गेली. आमच्या घरातला लेसचा टेबलक्लॉथ, माझ्या आईचा, संध्याकाळपर्यंत त्या पोशाखाची किनार झाला होता. तक्रार करण्याच्या परिस्थितीत मी नव्हतो.

त्या संध्याकाळी मी रागनहिल्डच्या दाराशी गेलो. बेलवर बोट ठेवलं आणि दाबलं नाही. आतून रेडिओचा आवाज येत होता. काय म्हणणार होतो? वाहनतळ विभागात चाळीस प्रकारच्या खेदपत्रांचे नमुने आहेत. त्यातलं एकही बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टाउन हॉलमध्ये मी भिंतीला लागून, खांबाच्या मागे उभा राहिलो. गुनवोर सुंदर दिसत होती. एव्हर्ट बुटका, टवटवीत म्हातारा, तिच्या गुडघ्यांकडे बघून घरंगळतो की काय असा उभा. पण साक्षीदार दोन लागतात. एक रागनहिल्ड होती. दुसरा एव्हर्टचा भाऊ, आणि त्याची गाडी काटरिनेहोल्मला अडकून पडली होती.

"सिगवर्ड!" गुनवोरने हाक मारली. "ये इकडे. तू उभा राहा."

"मी?"

"दार तूच उघडलंस ना?"

लावलं कुणी ते ती बोलली नाही. मी जाऊन रागनहिल्डच्या शेजारी उभा राहिलो. तिने निळा पोशाख घातला होता आणि गुनवोरची फुलं तिच्या हातात होती, कारण गुनवोर मागे बाकावर बसून एव्हर्टच्या बुटाची नाडी बांधत होती. त्याला वाकता येत नाही. मी समोर पाहत राहिलो. ती समोर पाहत राहिली.

लग्न लावणारे गृहस्थ घाईघाईने आत आले. नवखे असावेत. त्यांनी समोर पाहिलं: सूट घातलेला माणूस, फुलं घेतलेली बाई. प्रसन्न हसले आणि रागनहिल्डला म्हणाले, "तर तुम्ही या गृहस्थांचा पती म्हणून स्वीकार करता का?"

मायकेन म्हणते की माझा रंग पोशाखाच्या लेससारखा झाला होता. रागनहिल्ड सावकाश माझ्याकडे वळली, डोक्यापासून बुटांपर्यंत मला तपासलं, आणि मग त्या गृहस्थांना म्हणाली, "मी चेटकीण असेन. पण वेडी नाही."

आधी पेन्टी हसला. तो हसू शकतो हे कुणालाच माहीत नव्हतं; जड लाकडी कपाट सरकवल्यासारखा आवाज झाला. मग होल्गर, मग गुनवोर नाडी तशीच हातात धरून, मग सगळेच. मायकेनने रुमालात तोंड लपवलं. रागनहिल्ड हसली नाही. पण तिच्या ओठाचा एक कोपरा जरा हलला, आणि तिने हात पुढे करून माझ्या कोटाच्या खांद्यावरचा लोकरीचा एक धागा उचलला, टिचकीने उडवून दिला.

"रागनहिल्ड," मी हळूच म्हणालो, "मला असं म्हणायचं होतं की..."

"नंतर," ती म्हणाली. "सरळ उभा राहा. साक्षीदार आहेस, आरोपी नाहीस."

मी सरळ उभा राहिलो.